वरचे चार दात

४ जानेवारी

चिंगे,

आधी खाली बस, चष्मा लाव आणि मग वाच, कारण ही गोष्ट दोनदा लिहायला माझ्या हातात धीर नाही. माझी रेकॉर्ड निघतेय. माझी म्हणजे खरोखर माझी. कव्हरवर फोटो माझा, चाली माझ्या, आणि साथीला मी सांगेन ती माणसं.

पन्नास वर्षं मी या शहरात ब्लूज वाजवतोय. अकरा रेकॉर्डवर माझा सॅक्सोफोन आहे, पण प्रत्येक वेळी कुणातरी गाणाऱ्याच्या पाठीमागे. लोक म्हणतात, अरे तो सॅक्सोफोन काय सुंदर आहे त्यात, आणि कुणाचा आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. त्याची सवय झाली होती. सवय झाली होती असं मी सांगत तरी होतो.

झालं असं की दर रविवारी दुपारी आम्ही छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये वाजवतो. त्या दिवशी यंत्रं बंद असतात, पण शाईचा वास जात नाही. समोर खिळे जुळवणारे कामगार, सुट्टीवरच्या नर्स, टॅक्सीवाले, आणि एक निवृत्त न्यायाधीश, जे डोळे मिटून ऐकतात आणि चुकूनही घोरत नाहीत. गेल्या रविवारी मागच्या बाकावर स्टुडिओचे मालक येऊन बसले होते. संपल्यावर मला विचारतात, तुमची स्वतःची रेकॉर्ड कुठे मिळेल? म्हटलं, ती नाहीच. ते म्हणाले, एप्रिलअखेर स्टुडिओ बंद करतोय, जागा गोदामाला जाणार. त्याआधी एक शेवटची रेकॉर्ड करायची आहे, ती तुमची करू. बारा एप्रिल ही तारीखही तिथेच जिन्यात ठरली.

पियानोवर मास्तरीणबाई. जन्मभर शाळेत गणित शिकवलं त्यांनी, आणि तालात कोणी चुकलं की अजूनही चष्म्यावरून तसंच बघतात. ड्रमवर भूकंप. तो दिवसा शिंपी आहे आणि बोलतो इतकं हळू की दोनदा विचारावं लागतं. बासवर शिडी. त्याचं नाव शिडी का, हे त्याला पाहिल्यावर कुणी विचारत नाही. तिघंही माझ्याहून जास्त खूश आहेत.

बरं, एक बारीकशी गोष्ट. वरचे पुढचे दात जरा हलल्यासारखे वाटतात. तुझ्याकडे काही मलमबिलम असेल तर पाठव.

तुझा दादा

११ जानेवारी

दादा,

पत्र दुकानातच फोडलं आणि शेगडीवर मेण वितळत ठेवलेलं तसंच राहिलं, सगळं उतू गेलं. जाऊ दे. पोस्टमनला सांगितलं, समोरच्या औषधवाल्याला सांगितलं, आणि माप घेण्यासाठी तोंडात प्लास्टर भरून बसवलेल्या एका गिऱ्हाइकालाही सांगितलं. बिचाऱ्याला बोलता येत नव्हतं, त्याने भुवया उडवून अभिनंदन केलं. मला आनंद इतका झालाय की आज तीनदा दुकानाचं दार उघडं टाकून उगाच रस्त्यावर जाऊन आले.

आता तुझी बारीकशी गोष्ट. तीन पानं रेकॉर्डची आणि शेवटी दोन ओळी दातांच्या, म्हणजे खरं पत्र त्या दोन ओळींसाठीच होतं. मी पन्नास वर्षं कवळ्या करतेय, मला ‘हलल्यासारखे’ शिकवू नकोस. किती दात? जिभेने ढकलले तर हलतात की नुसतं शिंकलास तरी? हिरड्या लाल आहेत की पांढुरक्या? सॅक्सोफोन तोंडात धरताना वरचे दात त्या माउथपीसवर टेकतात, एवढं मलाही ठाऊक आहे. तेच दात पडले तर तू वाजवणार कशाने, भुवयांनी?

उद्याच्या उद्या दातांच्या डॉक्टरकडे जा. काढायचे असतील तर आत्ताच काढून टाक, म्हणजे एप्रिलपर्यंत हिरडी भरून येईल. आणि एक लक्षात ठेव. काढायच्या आधी त्यांना माप घ्यायला सांग आणि तो साचा मला पाठव. तुझे दात मी करणार. दुसऱ्या कुणाच्या हातचे दात तुझ्या तोंडात बसले तर बाबा वरून खाली येतील आणि दोघांच्याही कानाखाली वाजवतील.

चिंगी

१९ फेब्रुवारी

चिंगे,

उत्तराला महिना लावला, त्याबद्दल जे काय बोलायचं ते बोल. डॉक्टरकडे गेलो नव्हतो. म्हटलं, बारा एप्रिलपर्यंत ढकलू कसंतरी. पुढच्या दोन दातांच्या मध्ये खोडरबराची चकती कापून बसवायचो. हसू नकोस. तीन रविवार चाललं ते.

चौथ्या रविवारी नाही चाललं. माझा एकट्याचा तुकडा सुरू होता, खालच्या सुरावरून वर चढत होतो, आणि डावीकडचा दात सुटला. थांबायचं कसं? तो जिभेखाली दाबून तसाच वाजवत राहिलो. आवाज असा काही भेसूर निघाला, बैल डुरकावा तसा, आणि हॉल उभा राहिला. टॅक्सीवाले शिट्ट्या मारायला लागले. न्यायाधीशांनी डोळे उघडले. आयुष्यात इतक्या टाळ्या मला मिळाल्या नव्हत्या. मास्तरीणबाई तेवढ्या चष्म्यावरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला डॉक्टरकडे धरून नेलं. वरचे पुढचे चारही काढावे लागले. पण तू सांगितलंस तसं आधी माप घेतलं. सुटलेला दात मी खिशात नेला होता, तोही जागच्या जागी बसवूनच घेतलं. साचा बिस्किटाच्या डब्यात, कापसात गुंडाळून पाठवतोय. फोन करू नकोस, सध्या मी काय बोलतो ते माझं मलाच कळत नाही.

आमच्यात एक रीत आहे, ती तुला कधी सांगितली नव्हती. ब्लूजमध्ये प्रत्येकाला आपला असा एक तुकडा मिळतो, त्यात तो एकटा बोलतो. कोणी आजारी पडून आला नाही, तर त्याचा तुकडा दुसरं कोणी वाजवत नाही. तेवढा वेळ खाली नुसता बास आणि ड्रम चालू राहतो, वर कोणी नाही. गेले दोन रविवार मी तोंडाला रुमाल लावून श्रोत्यांत बसलो आणि माझी रिकामी जागा ऐकली. चिंगे, उठून जावंसं वाटलं. आणि खरं सांगू? छातीही फुगली. दात लवकर पाठव.

तुझा दादा

१० मार्च

दादा,

घे. कापूस काढताना सांभाळून.

साचा डब्यातून काढला आणि बघतच राहिले. पन्नास वर्षं असलं काहीतरी तोंडात घेऊन फिरलास होय रे तू? एक दात लांब, शेजारचा आखूड आणि कडेने झिजलेला, त्याला अर्धवट खाच, मध्ये ही एवढी फट, आणि सगळी रांग डावीकडे कललेली. आपल्या दुकानात शिकाऊ माणसाने असं काम केलं असतं तर बाबांनी त्याला दाराबाहेर उभं केलं असतं. ते म्हणायचे ना, माणसाला दुसऱ्यांदा दात मिळतात ते पहिल्यापेक्षा बरे मिळायला हवेत.

म्हणून सगळं नीट केलंय. चारही एका रेषेत, कडा सारख्या, फट बंद. टाळूचा पत्रा इतका पातळ घासलाय की जिभेला कळणारसुद्धा नाही. तीन वेळा केले, दोनदा मोडून टाकले. दुकानातली बाकीची कामं बाजूला ठेवली. इथल्या शाळेचे मुख्याध्यापक आपल्या कवळीसाठी दोनदा येऊन गेले, त्यांना म्हटलं थांबा, भावाची रेकॉर्ड आहे. माझ्या हातून आजवर झालेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे. हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, तुला सांगते.

फोटो काढशील तेव्हा तोंड उघडून हस.

चिंगी

१८ मार्च

चि. चिंगीस आशीर्वाद.

दात मिळाले. अगदी घट्ट बसतात. दिसायलाही फार छान दिसतात, भूकंप म्हणाला मी दहा वर्षांनी लहान दिसतो. सराव चालू आहे. हवा बरी आहे. तू खूप मेहनत घेतलीस, त्याबद्दल मनापासून आभार.

तुझा दादा

२३ मार्च

दादा,

तू मला ‘मनापासून आभार’ लिहितोस? आशीर्वाद देतोस, हवा कळवतोस? बाबा गेले तेव्हासुद्धा तुझं पत्र सात पानांचं होतं. हे सहा वाक्यांचं पत्र कोणी लिहून दिलं तुला, बँकेने?

बोचतात का? सैल झालेत का? टाळूला लागतं का? काय असेल ते सरळ लिही. माझ्या जिवाला वाईट वाटेल म्हणून माझं काम बरं आहे म्हणायचं, असं करू नकोस. गिऱ्हाइकं करतात तसं, ती माझ्यासमोर हसतात आणि घरी गेल्यावर कवळी पेल्यात काढून ठेवतात. तू माझं गिऱ्हाईक नाहीस. तीन आठवडे राहिलेत.

चिंगी

२८ मार्च

चिंगे,

बरं, ऐक मग. दातांत काहीही खोट नाही. मी त्या दातांनी कडक पाव खाल्ला, दोरा तोडला, भूकंपाची सुई धरून दाखवली. खोट माझ्यात आहे. मला वाजवता येत नाही.

सूर निघतात. सगळे निघतात, स्वच्छ निघतात, आणि तीच रड आहे. एखाद्या कचेरीतला माणूस खिडकीतून ‘उद्या या’ म्हणतो ना, तसा आवाज. सभ्य. कोरडा. दिवसाला सहा सहा तास बसलो. माउथपीस बदलून पाहिलं, त्यातली वेताची पट्टी बदलली, उभ्याने वाजवलं, भिंतीकडे तोंड करून वाजवलं. रविवारी हॉलमध्ये गेलो, माझी जागा आली आणि मी माझा तुकडा वाजवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चिंगे. आजारातून उठलेल्या माणसाला वाजवतात तशा. त्यापेक्षा रिकामा तुकडा चांगला होता.

खाली उतरताना मास्तरीणबाई म्हणाल्या, “हे तुम्ही नव्हतात.” मी म्हटलं, “आता हाच मी आहे.”

तर वय झालं, दुसरं काय. परवा स्टुडिओच्या मालकांना जाऊन सांगणार आहे. मास्तरीणबाईंची रेकॉर्ड करा म्हणून सांगेन, त्याही कमी नाहीत.

तुला हे कळवायचं नव्हतं. तू तीन वेळा केलेले दात. लहानपणापासून तुझ्या गळ्यात सगळं मारत आलोय मी. बाबांनी दुकानातलं टेबल माझ्यासाठी मांडलं होतं, मी एकोणिसाव्या वर्षी पळून गेलो आणि सतरा वर्षांच्या पोरीला त्या टेबलाला जुंपलं. आणि आता तुझ्याच हातच्या कामाला यश देता येत नाही. वाटतं, हे माझ्या वाट्याला यायचंच होतं.

तुझा दादा

१ एप्रिल

दादा,

मालकांना काहीही सांगायचं नाही. सांगितलं असशील तर जाऊन परत घे. पायऱ्यांवर बसून राहा, पण परत घे.

तुझं पत्र वाचलं आणि डब्यातला तो जुना साचा पुन्हा काढला. या वेळी दात म्हणून नाही बघितला. स्वयंपाकघरातलं लाटणं घेतलं, साच्याच्या दातांखाली धरलं, तुझ्या फोटोत धरतोस तसं. ते आपोआप तिरकं झालं आणि त्या खाचेत जाऊन बसलं. हललंच नाही. मग तुला पाठवले त्या दातांच्या साच्याखाली धरलं. सरळ राहिलं आणि इकडेतिकडे घसरायला लागलं.

वय कसलं झालंय तुझं? मूर्ख मी आहे. पन्नास वर्षांत तुझ्या तोंडाने त्या वाद्यासाठी जागा करून घेतली होती, आणि मी ती वाकडी दिसली म्हणून बुजवून टाकली. वाकडा दात दिसला की सरळ करायचा, हा हाताला लागलेला चाळा. हा दात काय काम करत होता, हे विचारायचं सुचलंच नाही. तुझा आवाज मी माझ्या या दोन हातांनी कानशीने घासून टाकला, आणि वर तुला लिहिलं की तोंड उघडून हस. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतेय. कानशी, मेण आणि दात घासायचं पायाने फिरवायचं यंत्र घेऊन येते. तुझ्या घरी टेबल रिकामं ठेव, खिडकीजवळ. रविवारी दुपारी मला परत निघावंच लागेल, सोमवारी मुख्याध्यापकांचं भाषण आहे आणि त्यांचे दात माझ्याकडे आहेत.

चिंगी

१४ एप्रिल

चिंगे,

झाली. सात चाली, चार तास, भर दुपारी. सोबत टेप आहे. मालकांनी तुझ्यासाठी वेगळी काढून दिली. आधी पत्र वाच.

सकाळी मी वेळेच्या दीड तास आधी जाऊन पोचलो. मास्तरीणबाई माझ्याही आधी येऊन बसल्या होत्या. विचारलं, “तुमच्या बहिणीने नेमकं केलं काय?” मी सांगितलं. म्हटलं, ती खिडकीजवळ बसली, मला समोर उभं केलं आणि म्हणाली, सगळ्यात खालचा सूर धर. मी धरला. ती ऐकत नव्हती, माझा जबडा बघत होती. मग म्हणाली, काढ. मी दात काढून तिच्या तळहातावर ठेवले, तिने कानस दोनदा फिरवली, पुसले, परत दिले. धर. काढ. धर. काढ. दोन दिवस हेच. मध्ये मी कंटाळून एक चाल वाजवायला गेलो तर म्हणाली, मला गाणं नको, तो एकच सूर दे. शेजारचे लोक विचारायला आले की घरात गाय बांधली आहे का. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी तो सूर धरला आणि माउथपीस डावीकडे सरकून आपल्या जागी बसलं. तिने कानस खाली ठेवली. मला म्हणाली, आता वाजव हवं ते, आणि उठून भांडी घासायला गेली. मास्तरीणबाई हे ऐकून म्हणाल्या, “अशी शिक्षिका मला भेटली असती तर मी गणित सोडून दिलं असतं.”

पहिली चाल सुरू केली. भूकंपाने हळूच ताल धरला, शिडी खालून आला, बाईंनी दोन सूर टाकले, आणि माझी पाळी. चिंगे, माझा आवाज. खरखरीत, जरा तिरका, गल्लीतला. पूर्वीपेक्षाही भरीव, हे मी तुझ्या समाधानासाठी म्हणत नाही. मी इतका खूश झालो की संपवायचं विसरलो, तिघं माझ्याकडे बघत वाजवत राहिले. काचेपलीकडे मालक टेप थांबवायचं विसरून नुसते उभे होते. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग दुसरी चाल घेतली.

आता कव्हरचं. मागच्या बाजूला सगळ्यांची नावं येणार आहेत. वर मला एक ओळ लिहायची आहे. तुझ्यासमोर दोन दिवस होतो, पण तोंडून निघाली नाही, तू सारखी दात काढून घेत होतीस. ओळ अशी: ‘धाकट्या बहिणीस, जिने माझ्यासाठी आपलं आयुष्य दुकानात घालवलं.’ पन्नास वर्षं उशीर झालाय, पण माफी मागतो. ठीक आहे का कळव, छापखान्यात महिनाअखेर द्यायचं आहे.

तुझा दादा

१८ एप्रिल

दादा,

टेप दुकानात लावली. गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला म्हटलं तोंड मिट आणि ऐक. पहिला सूर आला आणि मी रडले. कशाला लपवू? भाऊ आहेस म्हणून रडले आणि दात बसले म्हणूनही रडले. तिसऱ्या चालीत तू वरून एकदम खाली येतोस, तिथे तो डावा दात किती काम करतोय हे जगात फक्त मला ऐकू येतं.

ती ओळ खोड. खोटी आहे.

तू दुकानात बसायचास ती तीन वर्षं मी दाराआडून बघत होते. तुझे हात टेबलावर आणि लक्ष खिडकीबाहेर. तू केलेल्या कवळ्या बाबा दुपारी आडवे झाले की मी गुपचूप दुरुस्त करायचे, म्हणून त्यांना कधी कळलं नाही की तुला येत नाही. मला ते टेबल हवं होतं. त्या मेणाचा वास, ती बारीक कानस, सगळं हवं होतं, आणि मोठा मुलगा घरात असेपर्यंत ते मला मिळणार नव्हतं. तू निघालास त्या पहाटे सॅक्सोफोनची पेटी मागच्या दाराशी ठेवलेली होती. बाबांनी ती कपाटात कुलूप लावून ठेवली होती. तू समजत असशील आईने काढून दिली. आई नव्हे, मी. घरात सगळे रडत होते आणि मी दुकानात जाऊन तुझ्या स्टुलावर बसले. इतका आनंद मला त्यानंतर एकदाच झाला, तुझ्या घरी त्या रविवारी सकाळी अकराला.

तेव्हा मला कोणी जुंपलं नाही. मी तुला घालवलं. माफी मागायची तर मीच मागायला हवी, पण मी मागत नाही, कारण दोघांचंही भलं झालं.

कव्हरवर माझं काही लिहायचंच असेल तर वर, दयेच्या ओळीत नको. खाली वाजवणाऱ्यांच्या यादीत लिही. पियानो, बाईंचं नाव. ड्रम, भूकंप. बास, शिडी. त्याच्याखाली, त्याच आकाराच्या अक्षरात: वरचे चार दात, चिंगी.

चिंगी